देव पाण्यात, सून पाण्यात

आपल्याकडे काही हवं असलं की देव पाण्यात ठेवायची पद्धत आहे. मुलाचा दहावीचा निकाल, दिराची दुबईतली नोकरी, नगरपालिकेला उभ्या राहिलेल्या भावोजींचं डिपॉझिट, कारण काहीही चालतं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलायचा, पातेल्यात बुडवायचा आणि काम होईपर्यंत बाहेर काढायचा नाही. देवाला श्वास घ्यायचा नसतो आणि आठ तेराची फास्टही पकडायची नसते, त्यामुळे तो निभावून नेतो. मूल हवं असलं की मात्र देवावर भागत नाही. तेव्हा सून पाण्यात ठेवतात.

मी दोन वर्षं होते. बाहेर कशी निघाले ते सांगणार नाही. शेजारच्या काकूंनाही सांगितलेलं नाही.

सुरुवात काकूंनीच केली होती. डोंबिवलीत शेजारी हा नातेवाइकांचाच एक प्रकार असतो, फक्त त्यांना आहेर करावा लागत नाही. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि "काही बातमी?" हा प्रश्न विचारून विचारून बहुधा काकूच कंटाळल्या होत्या. त्या दिवशी कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी वेगळाच खडा टाकला, "अगं, पाणी किती पितेस गं तू?"

मला वाटलं, उन्हाळा आहे, मायेने विचारताहेत. "पिते की, तहान लागली की," मी म्हटलं.

"तिथंच चुकतं तुम्हा मुलींचं. तहान लागेपर्यंत थांबायचं असतं का? आत ओल नको? कोरड्या जमिनीत कधी काही रुजलंय?"

संध्याकाळपर्यंत ही जमीन सासूबाईंच्या कानापर्यंत पोचली. रात्री माझ्या उशाशी तांब्याचा तांब्या आला. चार दिवसांनी नणंदेने पुण्याहून बाटली पाठवली. दोन लिटरची, गुलाबी, अंगावर तासांच्या खुणा आणि प्रत्येक खुणेशी इंग्रजीत शाबासकी. नऊला 'सुरुवात छान', अकराला 'अशीच चालू ठेव', पाचला 'थोडंच राहिलं'. ऑफिसातल्या साहेबांनी सात वर्षांत माझं एवढं कौतुक केलेलं नाही.

मग ओघच लागला. चुलत सासूबाई जिऱ्याचं पाणी घेऊन आल्या, मावस जाऊ धण्याचं. कुणी वाळ्याची जुडी माठात टाकली. ऑफिसातल्या एकीने काकडी-पुदिन्याचं डिटॉक्स दिलं. तिच्या भावाकडे अल्कलाइन पाण्याचं मशीन हप्त्यांवर मिळत होतं. कोपऱ्यावरच्या एका बाबांकडचं मंतरलेलं पाणीही येऊन गेलं. खरं सांगायचं तर त्या सगळ्यांत तेच जास्त प्रामाणिक वाटलं. त्यावर शास्त्राचं लेबल नव्हतं.

सगळे पाण्यावरच का घसरले, हे कळायला मला बरेच महिने लागले. मूल होण्याच्या सगळ्या प्रकरणात सासऱ्यांसमोर मोठ्याने उच्चारता येईल असा शब्द एकच आहे, तो म्हणजे पाणी. बाकीचे सगळे शब्द स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, तेही नळ सोडून, बोलायचे. पाळीला आमच्याकडे अजून 'अडचण' म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात हा विषय रोज निघायचा आणि कधीच निघायचा नाही. "पाणी पी" म्हटलं की सगळं म्हणून झालं.

बीजांड बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून महिन्यातले कामाचे दिवस साधारण सहा, बीजांड सुटण्याच्या दिवसाशी संपणारे. एवढं जरी काकूंनी सांगितलं असतं तरी माझे निदान सहा महिने वाचले असते. पण ही माहिती कोथिंबीर निवडता निवडता देण्यातली नाही. शिवाय त्या सहा दिवसांत नेमके मावस सासरे बायपासच्या तपासणीला सहकुटुंब मुक्कामाला येतात, हॉलभर गाद्या पडतात, आणि वन बीएचकेत रात्री कुणीतरी सारखं पाणी प्यायला उठत असतं. आमच्याकडे पाणी मागता येतं, एकांत मागता येत नाही.

फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करावी, थायरॉइड पाहून घ्यावं, रुबेलाची लस झाली आहे का ते तपासावं, तंबाखूला हात लावू नये, हेही कुणी म्हणालं नाही. तंबाखूचं काकू सांगू शकल्या असत्या, पण त्या वेळी त्यांच्या दाताला मिश्री लावलेली होती.

अखेर डॉक्टरबाई. या मात्र मोकळ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंगावर जातं ते कसं असतं? अंड्यातल्या पांढऱ्यासारखं? बोटांत धरून ओढलं तर तार येते?"

तार म्हटल्यावर मला पाक आठवला. एकतारी, दोनतारी. अंड्याचं मात्र अवघड होतं. आमच्या घरी अंडं हा शब्दसुद्धा चपला बाहेर काढून येतो. कच्च्या अंड्याचं पांढरं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मग त्या संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या भुर्जीवाल्यासमोर उभी राहिले. त्याने एकामागून एक चार अंडी फोडली, मी चारही नीट पाहिली. "ताई, हाफ देऊ का फुल?" तो म्हणाला. मी म्हटलं, "नको, झालं माझं." अभ्यास म्हणून लोक काय काय करतात.

तर तो स्राव. गर्भाशयाच्या तोंडाशी तो एरवी घट्ट, दार लावून बसलेला. बीजांड सुटायच्या सुमारास इस्ट्रोजेन वाढलं की तो पातळ आणि पारदर्शक होतो, त्यातलं पाण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या घरात जातं आणि शुक्राणूंना वाट मिळते. इथवर सगळं खरं. यावरून कुणीतरी त्रैराशिक मांडलं की स्राव पाण्याचा, तर बाईने पाणी प्यावं. म्हणजे हाडांत कॅल्शियम असतं म्हणून भिंतीचा चुना चाटावा. घशातून उतरलेलं पाणी थेट तिथं नेऊन सोडणारी नळयोजना शरीरात नाही. तिथल्या दरवाजाची किल्ली इस्ट्रोजेनकडे. पोटात पाणी पुरेसं असल्यावर आपण वरून आणखी तांबे ओतले तर मूत्रपिंडं ते निमूट बाहेर काढतात, बाकी काही होत नाही.

"किती प्यायचं मग?" मी विचारलं.

"तहान लागेल तेवढं. लघवी लिंबाच्या सरबतासारखी फिकट दिसली की पुरे."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी पहिल्या शब्दाला कानांवर हात ठेवले आणि हात काढले तेव्हा 'सरबत' चाललेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन ग्लास लिंबाचं सरबत सुरू झालं.

आठ ग्लासांचं कुलदैवतही बघून घेऊ. रोज आठ ग्लास हा आकडा आपण इतक्या श्रद्धेने म्हणतो की तो वेदांतला वाटावा. हाइन्झ व्हाल्टिन नावाचे एक अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होते, मूत्रपिंड हाच त्यांचा विषय. त्यांनी २००२ मध्ये या आठ ग्लासांचा पुरावा शोधायला घेतला. धडधाकट, बैठं काम करणाऱ्या, बेताच्या हवेत राहणाऱ्या माणसाने एवढं प्यायलाच हवं, याला आधार त्यांना सापडला नाही. सापडलं ते असं की १९४५ मध्ये अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळाने माणसाला दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी लागतं असं म्हटलं होतं, आणि लगेच पुढे म्हटलं होतं की यातलं बहुतेक अन्नातूनच मिळतं. आठ ग्लासांचा उगम हाच असावा, असा त्यांचा कयास. म्हणजे लोकांनी पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसऱ्यावर पाणी सोडलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१० मध्ये बायकांसाठी दिवसाला दोन लिटर पुरेसं धरलं, तेही खाण्यातलं पाणी धरून. आमटी-भात, ताक, काकडीची कोशिंबीर, दोन वेळचा चहा, संध्याकाळी कलिंगडाची फोड. मराठी माणूस अर्धं पाणी जेवतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात किंवा रस्त्यावर खडी फोडताना हिशेब वेगळा, हे कबूल. पण मी एसीत बसून व्हाउचरं तपासत होते.

आता सोनोग्राफी. या विषयावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा.

पहिल्या वेळी सांगितलं, एक लिटर पाणी पिऊन या आणि लघवीला जाऊ नका. यामागे शास्त्र आहे. भरलेली लघवीची पिशवी आतडी बाजूला सारते, तिच्यातून ध्वनिलहरी नीट जातात आणि मागचं गर्भाशय स्वच्छ दिसतं. शास्त्रात नसतं ते असं की वेळ अकराची दिलेली असते आणि नंबर दीडला लागतो.

बाकांवर आम्ही नऊ बायका. प्रत्येकीच्या हातात बाटली, चेहऱ्यावर एकाग्रता. तीन जणी येरझाऱ्या घालताहेत, एक भिंतीला टेकून डोळे मिटून उभी. काउंटरवरची मुलगी दर दहा मिनिटांनी हाक मारते, "मॅडम, प्रेशर आलं का?"

"आलं."

"थोडं आलं का फुल आलं?"

याचं उत्तर शिपायासमोर, वॉचमनसमोर आणि कुणाच्या तरी सासऱ्यांसमोर मोठ्याने द्यायचं. 'फुल' म्हटलं तर ती म्हणणार, "मग बसा, अजून चार आहेत." 'थोडं' म्हटलं तर आणखी एक बाटली. फार ढोसण्यातही अर्थ नाही. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरच्या आतबाहेर पाणी काढू शकतात. त्याहून जास्त ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, फार झालं तर फिट येते. समोरच्या भिंतीवर फलक होता. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. अडीच तासांत तो मी शंभरदा वाचला असेल. मुलगा की मुलगी ते सांगणार नाही म्हणे. अहो, आधी आत कुणी आहे का तेवढं तरी सांगा!

सव्वा वाजता एक इमर्जन्सी आली. दीडला मी टेबलावर. पडद्याकडे दोन मिनिटं बघून डॉक्टर म्हणाले, "बीजांडकोश नीट दिसत नाहीयेत. आपण आतून करू या. जा, रिकामं करून या."

त्या क्षणी मला जे सुख मिळालं त्याची तुलना मी कशाशीच करणार नाही, कारण हे सदर घरात सगळे वाचतात. पुढे दर महिन्याला नवव्या दिवसापासून एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडी. बीजांडाची पिशवी आज किती मिलिमीटर झाली ते मोजायचं, अठरा-वीसला पोचली की टाळ्या. या तपासणीला मूत्राशय रिकामं लागतं. म्हणजे घरी भरायला सांगणार, तिथं रिकामं करायला. मधे लोकल.

डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास, तोही गाडी वेळेवर असली तर. बारा डबे झाले, पंधरा झाले, एसी आला, आपोआप मिटणारी दारं आली. संडास एकाही डब्यात नाही. नऊची खूण म्हणते 'सुरुवात छान', आणि ओटीपोट म्हणतं 'भायखळ्यालाच उतर'. स्टेशनवरच्या बायकांच्या मुतारीला कुलूप असतं किंवा ते नसलं तर कडी नसते. म्हणून लेडीज डब्यातल्या बायकांचं स्वतःचं पाणीवाटप ठरलेलं आहे. सकाळी अर्धा कप चहा, त्यावर काही नाही. ऑफिसात पोचलं की दोन ग्लास. चारनंतर बंद. डब्यातल्या प्रत्येकीच्या पर्समध्ये भरलेली बाटली असते, आणि ती भरलेलीच घरी परत जाते. मी तर दोन लिटर गुलाबी पाणी रोज फोर्टला फिरवून आणत होते. मग उन्हाळी लागायची. जळजळ, थेंब थेंब, ताप. डॉक्टरबाई म्हणायच्या, "पाणी प्या, आणि धरून ठेवू नका." पिणं माझ्या हातात होतं. सोडणं मध्य रेल्वेच्या.

'पाणी' हा शब्द घरात चालतो, 'लघवी' चालत नाही, याची किंमत अशी चुकवावी लागते. तीन लिटर आत घाल असं सांगायला नऊ माणसं. ती ते कुठं सोडणार, हे विचारायला एकही नाही. २०११ मध्ये मुंबईतल्या बायकांनी आणि संस्थांनी मिळून 'राइट टू पी' मोहीम उभी केली. गाऱ्हाणं सरळ होतं. पुरुषांना मुतारी फुकट, बायकांकडून मात्र पैसे. लोक आधी हसले. नावसुद्धा इंग्रजी घ्यावं लागलं. तेच मराठीत फलकावर लिहिलं असतं तर निम्म्या घरांतल्या बायकांना मोर्चाला सोडलं नसतं.

आणि बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. तिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एक दिवस चुकला की खाडा, खाड्याला दंड. फडात आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं. पाळीत बदलायला जागा नाही. मग अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, आणि त्यावर इलाज म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकायची. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या. त्यांना गुलाबी बाटली कुणी पाठवली नव्हती. इथं मला तिरकस काही सुचत नाही, पुढे जाते.

पाणी बिनकामाचं आहे असं माझं म्हणणं नाही. एका मैत्रिणीने आयव्हीएफ केलं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून मुंबईचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्या गोष्टीचं आता गल्लोगल्ली दुकान झालंय. तर मैत्रिणीला इंजेक्शनं जरा जास्तच मानवली. बीजांडकोश फुगले, रक्तवाहिन्यांतलं पाणी पाझरून पोटात साचलं, तीन दिवसांत वजन तीन किलोंनी वर. इथं मात्र थेंबाथेंबाचा हिशेब. किती प्यायली, किती बाहेर आलं, दोन्ही मिलिलिटरमध्ये तक्त्यावर. नुसतं साधं पाणीही नाही, ताक, नारळपाणी आणि सोबत प्रथिनं. तिच्या सासूबाई म्हणजे अगदी सोवळ्यातल्या. पण चौथ्या दिवशी त्यांनी नाशिकच्या बहिणीला फोन लावला आणि चाळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अगं, आज बाराशे झाली!" त्या घरात तो विषय मोठ्याने निघाल्याची पहिली नोंद ती हीच.

आमच्याकडे एक काका आहेत, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पाण्याला शास्त्राधार दिला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहायला चार गोष्टी लागतात असं सांगितलंय. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. "अंबू म्हणजे पाणी!" काका विजयाने म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्या बाटलीकडे पाहिलं. टीकाकार अंबूचा अर्थ गर्भाला पोसणारा रस असा लावतात, पण काकांशी कोण वाद घालणार? मी एवढंच विचारलं, "काका, चौथं काय म्हणालात?"

"बीज."

"ते कुणाचं?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

तर बीज. या दोन वर्षांत नवऱ्याला पाण्याबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. गुलाबी बाटलीतलं पाणी त्याने एकदाच घेतलं, बाइकचा आरसा पुसायला. शनिवारी मित्रांबरोबर बसून आल्यावर मी काही बोलले तर म्हणायचा, "बिअरमध्ये तरी काय असतं? पाणीच." हा दिवसाला ३० किलोमीटर बाइकवर, रात्री मांडीवर तापलेला लॅपटॉप. निसर्गाने ती जागा शरीराबाहेर टांगून ठेवलीय ती उगाच नाही, तिथं दोन-चार अंश गारवा लागतो. शुक्राणू तयार व्हायला ७४ दिवसांच्या आसपास जातात, म्हणजे गणपतीत केलेल्या उधळपट्टीचं बिल दिवाळीनंतर हातात पडतं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन-पाच टक्के. बाकी सगळा द्रव, आणि त्यात बहुतेक पाणीच. काकूंचं त्रैराशिक लावायचंच होतं तर दुसरी बाटली कुणाच्या नावाने यायला हवी होती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात सहांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. आणि अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत कारण पुरुषाकडे असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. पण सासूबाईंच्या लेखी, "त्याची कसली तपासणी? त्याला साधी सर्दी होत नाही."

चौदा महिन्यांनी तो तयार झाला. दोन ते सात दिवसांचं पथ्य पाळून लॅबमध्ये गेला. पाच मिनिटांच्या कामासाठी पूर्ण दिवसाची रजा टाकली आणि संध्याकाळी घरी येऊन आडवा झाला. माझ्या तेवीस सोनोग्राफ्या झाल्या होत्या, मी भाजी फोडणीला टाकली.

अहवालात आकडा होता. मिलिलिटरला नव्वद लाख. हा बँकेतला माणूस, नव्वद लाख वाचून त्याची कळी खुलली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथं दारिद्र्यरेषा एक कोटी साठ लाखांवर आहे." जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा तेवढीच. प्रमाणही १.४ मिलिलिटर हवं, चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. तेही याचं किंचित कमी. घाबरण्यासारखं नाही, एका तपासणीवर निकाल लावत नाहीत, तीन महिन्यांनी पुन्हा करू, तोवर लॅपटॉप टेबलावर, बिअर बंद, वजन चार किलो खाली. एवढं सगळं त्यांनी त्याच्याकडे बघून सांगितलं. तो बाटलीवरच्या खुणा वाचत होता.

घरी फाइल जेवणाच्या टेबलावर राहिली. कुणी उघडली, कुणी वाचली, माहीत नाही. पण दुपारी ती जिथं होती तिथं संध्याकाळी नव्हती, आणि रात्री पुन्हा होती. दोन दिवस घरात पाण्याचा शब्द निघाला नाही. माझा तांब्यासुद्धा कुणी भरला नाही, मीच भरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर माझ्या तांब्याशेजारी दुसरा तांब्या होता. चिंचेने घासून लख्ख केलेला. नवऱ्याच्या बशीपाशी.

"हे काय?" त्याने विचारलं.

"पाणी," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तेवढ्यात काकू कोथिंबिरीची जुडी घेऊन आत आल्या. त्यांची नजर आधी माझ्या तांब्यावर गेली, मग दुसऱ्यावर, मग नवऱ्यावर.

"हे दोन कसे गं आज?"

"उन्हाळा काय कमी आहे का?" सासूबाई म्हणाल्या आणि स्वेटरच्या बाह्या खाली ओढत चहा गाळायला लागल्या.